धरलं ते सोडवायला

बाळांनो,

तुमच्या काकाला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली होती आणि अपिलात तो सुटला, एवढं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं आहे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्या बाईचा नवरा त्या भांडणात गेला, तिच्या तोंडच्या दोन-चार वाक्यांवर तुमचा काका सुटला. तिचे आभार कुठेतरी मांडून ठेवायला हवेत, म्हणून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण तिचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते कोर्टाच्या कागदासारखं होतं, आणि तसं ते एकदा होऊन गेलेलं आहे. शनिवारी तुमची आई तुम्हाला मराठी वाचायला बसवते, तेव्हा हे वाचा. अडलं तर तिला विचारा.

माझी सगळी नोकरी मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली. त्या सवयीने आधी जागा सांगते, मग माणसं, मग काय झालं ते.

मानवतला आपलं घर विहाराच्या मागच्या गल्लीत आहे, ते तुम्ही पाहिलेलं आहे. आपल्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एक पट्टा आहे. बैलगाडी जाणार नाही, पण मोटारसायकल आरामात जाईल एवढा रुंद. माझे सासरे होते तोवर त्यात दोन्ही घरांच्या शेळ्या बांधल्या जात आणि दोन्ही घरांच्या न्हाणीचं पाणी त्यातून वाहत जाई. तो पट्टा कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, जागांना भाव आला, आणि दोन्ही घरांना एकाच सुमारास आठवलं की तो पट्टा आपला आहे. सरकारी मोजणी झाली. मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ मारली. ती रेघ शेजाऱ्याला पटली, आम्हाला पटली नाही. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण शोधू नका, ते नव्हतं.

आता माणसं. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमचे बाबा नोकरीला लागलेले होते आणि काका अजून कॉलेजात होता. तेव्हापासून घरात माझ्या दिराचा, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांचा, शब्द चालायचा. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. काकाला त्यांनीच बापासारखं सांभाळलं. माणूस मायाळू, पण भयंकर तापट. आणि काका त्यांच्यापुढे असा वागायचा की ते ओट्यावर येऊन बसले की हा उठून उभा राही. त्यांच्याशी बोलताना मान खाली. आमच्या भागात मोठ्या माणसाला एखाद्या गोष्टीपासून अडवायचं असेल तर माणूस पुढ्यात उभा राहतो, पाया पडतो, गयावया करतो. पण त्याचा हात धरत नाही. बापाच्या, चुलत्याच्या अंगावर जोर करणं म्हणजे त्यांना मारण्यासारखंच मानतात. हे कुणी शिकवत नाही. लेकरू बघत बघत शिकतं.

शेजारचा माणूस काकापेक्षा थोडाच मोठा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तो मापाडी होता. पोतं काट्यावर चढायच्या आधीच नजरेने वजन सांगायचा, आणि कुणी हसलं तर पैज लावायचा. तो आणि काका गल्लीच्या संघातून कबड्डी खेळलेले. त्याची बायको अंगणवाडीत मदतनीस. ती मला बाई म्हणते, कारण गल्लीत सगळेच म्हणतात.

त्या दिवशी सकाळी शेजाऱ्याने रेघेवर तारेचं कुंपण घालायचं म्हणून खड्डे खणायला घेतले. मी न्हाणीत होते. मी काही पाहिलं नाही, ऐकलं तेवढं सांगते. दिराचा आवाज आला.

"कुनाच्या जागेत खंदायलास रे?"

"माज्या. चुना दिसना का तुमाला? चष्मा लावा की."

"चष्मा तुज्या बापाला लाव. तुजा बाप हितं शेळी बांधायला आमच्या बापाला इचारून बांधायचा."

"बापानं इचारलं आसंल. शेळीनं न्हवतं इचारलं."

गल्लीतले तिघे-चौघे हसले. मला न्हाणीतही ते हसणं ऐकू आलं. पुढे कोर्टात कुणी त्या हसण्याबद्दल विचारलं नाही, पण मला वाटतं, दिराला बोलणं लागलं नाही, ते हसणं लागलं. पुढचं मला मागाहून कळलं ते असं. खड्ड्याशेजारी शेजाऱ्याचीच पहार पडली होती. दिराने ती उचलली. काका घरातून अनवाणी धावत गेला. त्याने चुलत्याला धरलं नाही. त्याने शेजाऱ्याला मागून दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि त्याच्या घराकडे मागे ओढायला लागला. तेवढ्यात पहार खाली आली. घाव एकच होता. काका त्याला धरून असतानाच दोघे खाली पडले. काकानेच त्याला उचलून रिक्षात घातलं. परभणीच्या वाटेवर तो गेला.

फिर्याद मयताच्या भावाने दिली: चुलता-पुतण्या दोघांनी मिळून मारलं, पुतण्याने धरून ठेवलं आणि चुलत्याने पहार घातली. त्याला मी दोष देत नाही. तो उशिरा आला होता आणि त्याने भाऊ रक्तात पाहिला होता. आमच्याकडे अशा वेळी दारात दिसलेला घरातला प्रत्येक पुरुष फिर्यादीत जातो.

खटला परभणीला चालला. आमच्या तिथल्या वकिलांनी ठरवलं की दोघांनीही सगळं नाकारायचं. काका तर तिथे नव्हताच असं म्हणायचं. खटले असेच लढवतात असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे काकाने सोडवायला धरलं होतं ही गोष्ट आमच्या बाजूने कुणी उच्चारलीच नाही. आरोपी जर तिथे नव्हताच, तर त्याने सोडवलं कसं?

मग साक्षीला ती आली. पदर डोक्यावरून, हातात काही नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, धाकट्या आरोपीने काय केलं? ती म्हणाली, "ह्यानं माज्या मालकाला मागून धरलं." मालक म्हणजे नवरा. सरकारी वकिलांना तेवढंच हवं होतं, ते बसले. आमचे वकील उठले.

"तुम्ही दारात नव्हता. तुम्ही स्वयंपाकघरात होता."

"दारात व्हते. हाताला पीठ व्हतं माज्या."

"आरोपी नंबर दोन तिथे नव्हताच. तुमच्या दिराने शिकवलं म्हणून तुम्ही त्याचं नाव घेता."

"न्हवता कसा म्हनता? अनवानी पळत आला की."

वकिलांना राग आला. रागात त्यांनी जो प्रश्न विचारला, तो विचारला नसता तर आज मी हे लिहीत नसते. "म्हणजे चुलत्याला मारता यावं म्हणून ह्याने धरून ठेवलं, असं तुमचं म्हणणं?"

ती जराशी गोंधळली. म्हणाली, "आसं मी कवा म्हनलं? तेनं सोडवायला धरलं. माज्या मालकाला घराकडं वढायलता."

"सोडवायचं होतं तर ज्याच्या हातात पहार त्याला धरलं असतं."

"चुलत्याला?" ती वकिलांकडे अशी बघत राहिली, जणू हा माणूस कुठल्या मुलुखातून आला. "चुलत्याच्या अंगाला कसा हात लावंल त्यो?"

न्यायाधीशांनी ते सांगून टंकून घेतलं. मी मागच्या बाकावर होते. मला तेव्हा एवढंच कळलं की या बाईने आत्ता माझ्या मुलाच्या बाजूचं काहीतरी सांगितलं आहे, आणि ते आमच्याच वकिलाला नको आहे.

बाहेर व्हरांड्यात तिचा दीर, ज्याने फिर्याद दिली तो, तिच्यावर ओरडला. "वैनी, तू कुनाकडून बोलायलीस? तुजं कुंकू पुसलं तेंनी!" ती म्हणाली, "भाऊजी, जे झालं ते बोलले. न झालेलं कामून बोलू?" त्या दिवसापासून सासरच्या माणसांनी तिच्याकडे येणं-जाणं बंद केलं. आपल्या माणसाला मारणाऱ्याच्या पुतण्यासाठी तिने स्वतःचं गोत तोडलं, असं लोक म्हणाले. ती अंगणवाडीत जात राहिली.

दोघांनाही जन्मठेप झाली. निकालात लिहिलं होतं की भांडण सोडवणारा माणूस शस्त्र असलेल्याला धरतो, मोकळ्या हाताच्या माणसाला नाही. बाहेरच्या कुणालाही हे पटेल. मला स्वतःला, सगळं माहीत असून, वाचताना क्षणभर पटलं होतं.

मग अपील. आपलं हायकोर्टाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. अपील दाखल झालं, जामीन मिळाला नाही, आणि वाट बघणं सुरू झालं. या काळात मला ज्यांनी सांभाळलं त्यांची नावं मी मनात रोज घेते. तुमच्या बाबांनी तिकडून पैसे पाठवताना एकदाही "आता पुरे" म्हटलं नाही. विहारातल्या बायकांनी पौर्णिमेला माझी जागा मोकळी ठेवली. मी गेले नाही तरी ती मोकळीच असायची. एसटीचा एक कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. मला खिडकीची जागा देऊन तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाईंनी मला इंग्रजीत नापास केलं म्हनून मी हितं हाय, न्हाईतर कलेक्टर झालो असतो." लोक हसायचे, आणि मी कुठे चालले आहे हे विचारायचं विसरून जायचे. त्याने हे मुद्दामच केलं असणार.

औरंगाबादला आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. तुमच्या आईच्या वयाच्या, बारीक, बोलायला झपाझप. त्यांनी सगळं प्रकरण वाचलं आणि मला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्हाला इंग्रजी समजतं, तर सरळ बोलते. दोन आरोपी आहेत आणि एकच साक्षीदार महत्त्वाची आहे. मयताची बायको. तुमच्या दिरांना पूर्ण सोडवायचं असेल तर मला दाखवावं लागेल की ही बाई खोटारडी आहे. ते जमण्यासारखं आहे. ती कुठे उभी होती याबद्दल तिच्या जबाबात आणि साक्षीत फरक आहे."

"आणि मुलाचं?"

"मुलाला तिच्याशिवाय कुणीच वाचवू शकत नाही. त्याने सोडवायला धरलं, हे अख्ख्या प्रकरणात ती एकटी सांगते. ती खोटारडी ठरली तर ते वाक्यही गेलं. मग उरतो तिचा दीर, आणि तो म्हणतो धरून ठेवलं."

"तिचं अर्धं घेता येत नाही?"

"कायद्याने घेता येतं. पण दहा मिनिटं तिला खोटं पाडायचं आणि अकराव्या मिनिटाला तिच्यावर विश्वास ठेवा म्हणायचं, तर समोर बसलेली माणसं काय म्हणतील? तुम्ही दोघांसाठी दोन वकील करा. पण मग दुसरा वकील तिला झोडपणार, आणि ते तुमच्या मुलाच्याच अंगावर येणार. घरात बोला आणि मला सांगा."

घरात कुणाशी बोलणार होते? घर म्हणजे तुरुंगातली ती दोन माणसं आणि मी. एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला ज्या माणसाने तो वाढवला तो. मी परत येताना बसमध्ये असे शब्द जुळवत होते की ज्यात मी मागतही नाही आणि नाकारतही नाही. तसे शब्द मिळाले नाहीत.

भेटीच्या दिवशी दीर जाळीपलीकडे येऊन बसले. वजन उतरलेलं, केस पूर्ण पांढरे. नेहमीसारखी त्यांनीच सुरुवात केली. "वैनी, हितं मला भाजीच्या मळ्यात टाकलंय. सरकारी वांगं बघाल तर हबकाल. येवढालं. चवीला निस्तं पानी."

मी वकीलबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं काही घातलं नाही. ते ऐकत होते आणि जाळीच्या तारेवर नख फिरवत होते.

"म्हंजी मला सुटायचं तर त्या बाईला खोटी म्हनायचं."

"हो."

"खोटी हाय का ती?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"वैनी, तिचा मानूस माज्या हातानं गेला. आता तिचा शबुद बी घ्यायचा का? माजं ऱ्हाऊ द्या. वकीलबाईला सांगा, माज्यासाठी जे खरं हाय तेवढंच बोला. राग आला, पहार उचलली. ठरवून आलो न्हवतो. त्येवढं बोला." मग म्हणाले, "आन पोराला सांगा, त्या दिवशी मला धरलं असतंस तर मी तुज्या कानफटात मारली असती. पन धरायचं व्हतंस."

हे काकाला मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही हे माझं ठरत नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमच्या धाकट्या आजोबांनी एक माणूस मारला. ते लपवण्यासारखं नाही आणि मी लपवत नाही. पण त्या दिवशी त्या जाळीपलीकडे त्यांनी माझ्या हातून निवड काढून घेतली, आणि मला आयुष्यभर स्वतःकडे बघता येईल असं केलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. या दोन गोष्टी मी एकमेकींतून वजा करत बसत नाही.

सुनावणीच्या दिवशी मी लवकर जाऊन बसले. थोड्या वेळाने ती आली. एकटीच, पहाटेच्या बसने, पायाला धूळ. तिला यायची गरज नव्हती. अपिलात साक्ष होत नाही, नुसता युक्तिवाद होतो. माझ्याकडे न बघता ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. काम इंग्रजीत सुरू झालं. दोन न्यायमूर्ती, खाली वकील, कागद उलटल्याचा आवाज. थोडा वेळ ती बघत राहिली. मग सरकत सरकत माझ्या शेजारी आली.

"बाई, काय म्हनायलाय त्यो?"

"कोण?"

"त्यो काळा कोटवाला."

"अगं, सगळेच काळे कोटवाले आहेत."

"उभा ऱ्हायलाय त्यो."

उभे होते ते सरकारी वकील. मी तिच्या कानाशी लागून सांगायला लागले. माझं इंग्रजी आयुष्यभर वर्गात वापरलं गेलं. इतकं नेमकं ते कधीच वापरावं लागलं नव्हतं. एक शब्द इकडेतिकडे करायचा मोह होत होता, आणि तिला कळलं नसतं. मी केला नाही, कारण माझ्या शेजारी जी बसली होती तिनेही केला नव्हता.

"ते म्हणतात, माझ्या मुलाने तुझ्या माणसाचे हात अडकवून ठेवले, म्हणून घाव बसला. नाहीतर तो वाचला असता."

"वाचला असता," ती म्हणाली. "पन अडकवून ठेवले आसं मी कवा म्हनलं?" हे ती जरा मोठ्याने म्हणाली. पट्टेवाल्याने डोळे वटारले. दोघींनी शाळेतल्या पोरींसारख्या माना खाली घातल्या.

मग आमच्या वकीलबाई उठल्या. दिरांबद्दल त्या थोडंच बोलल्या: अचानक भांडण, शेजाऱ्याचीच पहार, घाव एकच. ते मी तिला शब्दाला शब्द सांगितलं.

"एकच," ती म्हणाली. "हां. एकच पुरला."



काकाचं आलं तेव्हा वरिष्ठ न्यायमूर्तींनी तोच प्रश्न विचारला जो खालच्या निकालात होता: त्याला सोडवायचं होतं, तर त्याने पहारवाल्याला का धरलं नाही? वकीलबाई म्हणाल्या, याचं उत्तर मी देत नाही, मयताच्या पत्नीने दिलेलं आहे. इंग्रजी भाषांतर बाजूला ठेवून त्यांनी ते मूळ मराठीतच वाचलं. "चुलत्याला? चुलत्याच्या अंगाला कसा हात लावंल त्यो?" त्या मोठ्या खोलीत, इतक्या इंग्रजीनंतर, ते वाक्य असं आलं की जणू कुणी मानवतच्या गल्लीतून आवाज दिला. तिने माझं मनगट धरलं. "माजं हाय ते," ती म्हणाली.

दुसरे न्यायमूर्ती इतका वेळ गप्प होते. त्यांनी मराठीत विचारलं, "मुलाचे वडील हयात होते?"

"नव्हते, साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "चुलत्यानेच वाढवला."

ते मागे टेकले आणि काहीतरी लिहिलं. ते कुठल्या गावचे, कुणाच्या हाताखाली वाढलेले, मला माहीत नाही. पण ते काय विचारत होते हे त्यांना माहीत होतं, याबद्दल मला शंका नाही.

सरकारी वकील पुन्हा उठले. मग थोडा विचार करून म्हणाले की साक्षीदाराच्या खरेपणाबद्दल सरकारचीही तक्रार नाही. तेही मी तिला सांगितलं. "कशाला आसंल तक्रार?" ती म्हणाली.

निकाल राखून ठेवला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, चहा घेऊ. ती म्हणाली, "न्हाई बाई, माजी गाडी हाय." आणि गेली. आमची गाडी एकच होती. मी मुद्दाम पुढच्या गाडीने गेले.

निकाल आला तेव्हा मी मेथी निवडत होते. वकीलबाईंचा फोन. मुलगा निर्दोष. दिरांचा गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला, जन्मठेप जाऊन ठरावीक वर्षांची शिक्षा. "मॅडम, ऐकता ना?" मी ऐकत होते. निकालात तिच्या साक्षीबद्दल एक परिच्छेद आहे. त्यात म्हटलं आहे की जिचं सर्वांत मोठं नुकसान झालं, तिने आरोपीच्या हिताची गोष्ट न लपवता सांगितली, आणि अशा साक्षीवर कोर्टाने पूर्ण विश्वास ठेवायला हवा. तो परिच्छेद मी मूळ इंग्रजीत खूप वेळा वाचला आहे. चांगलं, सरळ इंग्रजी आहे. त्या दोन्ही न्यायमूर्तींचे आणि वकीलबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

काका घरी आला. पहिले काही दिवस तो दार आतून लावलेलं आहे का हे उठून उठून बघायचा. मग एका संध्याकाळी म्हणाला, "आई, मी तिकडं जाऊन येऊ का? पाया पडतो." मी म्हटलं, आधी मी विचारून येते.

ती ओसरीत ज्वारी पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, पण बसा म्हणाली नाही.

"तो आलाय," मी म्हटलं.

"कळलं."

"त्याला तुझ्या पाया पडायचंय. घेऊन येऊ?"

"नका आनू, बाई."

मी उभीच राहिले. तीच पुढे बोलली. शांतपणे, अंगणवाडीतल्या मुलाला समजवावं तसं. "त्याचा दोस न्हाई. मी कोर्टात बोलले, हितं बी तेच बोलते. पन त्यो दिसला की मला त्येचे हात दिसत्यात, माज्या मालकाला मागून धरल्याले. सोडवायलाच धरले व्हते. तरी दिसत्यात. त्याला म्हनावं, नीट ऱ्हा, काम कर. माज्या दारात येऊ नको."

"निदान मला तरी तुझे आभार..."

"आबार नका मानू." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुमी आबार मानले की मी तुमच्यासाटी कायतरी केलं आसं व्हतं. मी तुमच्यासाटी काय बी केलं न्हाई. माज्या मानसाचं मरन जसं झालं तसं सांगितलं. त्यात कमी न्हाई, जास्त न्हाई. त्येवढंच ऱ्हाऊ द्या."

मी घरी आले आणि काकाला सांगितलं. तो ऐकून मागच्या दाराने गेला आणि नळाखाली बराच वेळ हात-पाय धूत राहिला. तेव्हापासून त्याने तिची इच्छा पाळली आहे. आता तो सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो. संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला की मी भाकरीचं पीठ मळायला घेते. एवढं साधं सुख माझ्या वाट्याला परत आलं आहे, आणि ते जिच्यामुळे आलं ती पलीकडच्या घरात ज्वारी पाखडते आहे. दिरांची शिक्षा संपत आली आहे. त्यांनी निरोप पाठवला आहे की ते गल्लीत राहायला येणार नाहीत, शेतावरच्या खोलीत राहतील. मीच तिला ते जाऊन सांगितलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा ती तुम्हाला ओसरीतून दिसेल. तिच्या दारावरून जाताना आवाज कमी करू नका, तिला ते कळतं आणि आवडत नाही. नेहमीसारखे दंगा करत जा. लेकरांशी ती बोलते. विचारेल, कुणाची रे तुमी? सरळ सांगा, बाईंची नातवंडं. ती काही खायला देईल तर तिथेच उभं राहून खा. पण मी वर जे लिहिलं त्यातलं काही तिच्यापुढे काढू नका, आणि काही झालं तरी तिचे आभार मानू नका.

तुमची आजी